रेस्ट्रॉन्गेटची खाडी : तांबे, खारेपणा आणि चिखलातले जीव

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉल परगण्यात, फॅल नदीच्या रुंद मुखाला पश्चिमेकडून मिळणारी रेस्ट्रॉन्गेट नावाची एक लहान खाडी आहे. हिमयुग सरल्यावर समुद्राची पातळी चढत गेली आणि नदीचे जुने खोरे पाण्याखाली गेले, त्यातून ही खाडी घडली. तिच्या वरच्या टोकाला डेव्होरन गावाजवळ कार्नन नदी येऊन मिळते, भरतीला समुद्र गावापर्यंत चढतो आणि ओहोटीला बहुतेक खाडी रिकामी होऊन मऊ, करडा चिखल उघडा पडतो. दिसायला ही खाडी कोकणकिनाऱ्यावरच्या कुठल्याही लहान खाडीसारखीच आहे. वेगळी आहे ती तिच्या चिखलामुळे. शेजारच्या डेव्हन परगण्यातल्या स्वच्छ खाड्यांच्या गाळात दर दहा लाख भागांत तांब्याचे काही दहा-वीस भाग सापडतात, तर रेस्ट्रॉन्गेटच्या गाळात ते ३००० च्या आसपास भरतात, आणि जस्त, सोमल, शिसे यांचे प्रमाणही तसेच चढे असते. एवढे असूनही हा चिखल निर्जीव नाही. त्यात कृमी राहतात, खेकडे फिरतात, पाणपक्षी त्यांना टिपतात. मात्र शेजारच्या खाड्यांत विपुल असलेले काही शिंपले इथे जवळजवळ नाहीत. कोण जगणार आणि कोण नाही याचा निवाडा कोण करते, आणि एकच धातू एका पाण्यात मारक तर दुसऱ्या पाण्यात सोसण्याजोगा का ठरतो, या प्रश्नाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नीट उत्तर मिळू लागले. त्या उत्तराची सामग्री मात्र खाणकामगार, जहाजबांधणीवाले आणि कालवे धरणारे कोळी यांच्या हातून आधीची दोन-अडीच शतके जमत आली होती.

कॉर्नवॉलची जुनी ओळख कथलाची. डोंगरातल्या शिरांमधून झिजून सुटलेले जड कथील-खनिज ओढ्यांच्या तळाशी खडीवाळूत साचत असे आणि मध्ययुगापासून माणसे ती खडी वाहत्या पाण्यात धुऊन कथील वेगळे काढत असत. कार्नन खोऱ्यातली अशी खडी थेट खाडीच्या चिखलाखालपर्यंत पसरलेली असल्याने धुण्याचे काम हळूहळू समुद्राच्या हद्दीत सरकले आणि बांध घालून भरती अडवून तळ उपसला जाऊ लागला. १८७० च्या दशकात तर ऐन खाडीच्या मध्यावर कृत्रिम बेट रचून लोखंडी नळकांड्यांची विहीर चिखलातून खाली उतरवली गेली आणि समुद्रतळाखालचे कथील काढण्याचा उद्योग काही वर्षे चालला. या खटाटोपात चिखल वर-खाली उलटत राहिला आणि धुऊन उरलेली माती खाडीतच बसत गेली.

खाडीचे भवितव्य मात्र कथलापेक्षा तांब्याने ठरवले. अठराव्या शतकात कार्नन नदीच्या पाणलोटातल्या ग्वेनॅप परिसरात तांब्याच्या अशा श्रीमंत शिरा सापडल्या की जुन्या जगातला सर्वांत धनाढ्य चौरस मैल असा त्या भागाचा लौकिक झाला. शिरा खोल होत्या आणि प्रत्येक खाणीचा पहिला शत्रू होता पाणी. वाफेची पंप-इंजिने आली तरी कॉर्नवॉलमध्ये दगडी कोळसा नसल्याने तो वेल्समधून जहाजाने आणावा लागे, आणि पाणी जितके उंच चढवावे तितका कोळशाचा खर्च वाढे. यावरचा उपाय म्हणजे निचऱ्याचा बोगदा, ज्याला खाणकामाच्या भाषेत अडिट म्हणतात. दरीच्या तळापासून डोंगराच्या पोटात किंचित चढत जाणारा हा आडवा बोगदा खाणीच्या विहिरीला मध्येच गाठतो. पंपाने पाणी जमिनीपर्यंत न आणता फक्त त्या पातळीपर्यंत चढवायचे आणि पुढे ते उताराने आपोआप वाहून जाऊ द्यायचे. पोल्डिस खाणीतले पाणी काढण्यासाठी १७४८ मध्ये सुरू झालेला ‘काउंटी अडिट’ हा बोगदा पुढे एकेका खाणीला फाटे फोडत वाढला आणि अखेरीस त्याच्या सर्व शाखांची लांबी साठ किलोमीटरांच्या पुढे गेली. १७७७ मध्ये जेम्स वॅटचे इंजिन या भागातल्या व्हील बिझी खाणीवर बसले. वॅटच्या यंत्रांची थोरवी अनेकदा सांगितली जाते, पण ती यंत्रे परवडत होती याचे बरेचसे श्रेय डोंगराच्या पोटातल्या या अंधाऱ्या गटाराला द्यावे लागेल.

त्या गटारातून नुसते पाणी आले नाही. तांब्याची बहुतेक खनिजे गंधकयुक्त असतात आणि त्यांच्या सोबतीला लोह-माक्षिक, म्हणजे लोखंड आणि गंधक यांचे सोन्यासारखे चकाकणारे खनिज, असतेच. खाण खणली की शतकानुशतके कोंडलेल्या खडकाला हवा आणि पाणी एकदम मिळते; माक्षिक कुजू लागते, काही सूक्ष्म जिवाणू ती क्रिया वेगाने पुढे नेतात आणि गंधकाम्ल तयार होते. हे आम्लयुक्त पाणी खडकातले तांबे, जस्त, कॅडमियम विरघळवून घेते, आणि उघड्यावर आल्यावर त्यातले लोह गंजाच्या रूपाने खाली बसून ओढ्याचा तळ नारिंगी करते. कार्नन खोऱ्यात हा गेरूही गोळा करून रंगासाठी विकला जाई. विरघळलेले तांबे आणि जस्त मात्र डोळ्यांना दिसत नसल्याने विनातक्रार खाडीपर्यंत पोचत राहिले.

डेव्होरन हे या तांब्याचे बंदर होते. जॉन टेलर या खाण-व्यवस्थापकाने ग्वेनॅपच्या ‘कॉन्सॉलिडेटेड’ खाणी हाती घेतल्यावर १८२० च्या दशकात खाणींपासून खाडीपर्यंत रेल्वे टाकली. पहिली काही दशके तिचे डबे घोडे ओढत. खनिज खाडीतून जहाजाने वेल्समधल्या स्वान्झीच्या भट्ट्यांकडे जाई आणि परतीच्या फेरीत कोळसा येई. टेलरच्या घराण्याचे नाव भारतातही अपरिचित नाही, कारण १८८० नंतर कोलारच्या सोन्याच्या खाणी चालवणारी ‘जॉन टेलर अँड सन्स’ ही पेढी त्याच घराण्याची, आणि कोलारमध्ये आलेले कितीतरी गोरे खाणकामगार कॉर्नवॉलचे होते. त्याच्याही आधी, अठराव्या शतकातच, ईस्ट इंडिया कंपनी ब्रिटिश तांबे मोठ्या प्रमाणावर भारतात आणून विकत होती आणि ते इथल्या तांबटांच्या हातोड्याखाली येत होते. १८६० च्या दशकात परदेशी तांब्याने भाव पाडले, ग्वेनॅपच्या खाणी एकामागून एक बंद पडल्या आणि लोक देशोधडीला लागले. काही खाणींनी कथलाकडे, काहींनी सोमलाकडे मोर्चा वळवला. खनिज भाजताना निघणारा सोमलाचा धूर लांबच लांब धुरांड्यांत थंड करून तिथे साचलेली पांढरी भुकटी खरवडून काढणारे कारखाने कार्ननकाठी बिसो येथे होते. खाडी इतकी गाळाने भरली की डेव्होरन बंदर म्हणून निकामी झाले आणि १९१५ मध्ये रेल्वेही बंद पडली. बोगदा तेवढा वाहत राहिला.

तांब्याचा समुद्रातल्या बारक्या जिवांशी असलेला संबंध लोकांना प्रथम कळला तो खाडीत नव्हे, जहाजांच्या तळाशी. लाकडी जहाजांचे दोन वैरी होते. एक म्हणजे टेरेडो हा शिंपल्यांच्या कुळातला पण किड्यासारखा लांबट जीव, जो लाकूड आतून पोखरतो. दुसरा म्हणजे तळाला चिकटून वाढणारे बार्नॅकल आणि शेवाळ, ज्यांच्यामुळे जहाजाची गती मंदावते. १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले आणि १७८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ सारे आरमार तांब्याने मढवले गेले. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानात बांधलेली लढाऊ जहाजेही याला अपवाद नव्हती. ‘कॉर्नवॉलिस’ या मुंबईत बांधल्या जात असलेल्या युद्धनौकेसाठी इंग्लंडहून निघालेले तांब्याचे पत्रे ‘जावा’ या जहाजाबरोबर डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकी तोफांना बळी पडले, त्यामुळे तिचे काम रखडले. 

पत्रे झिजतात आणि वारंवार बदलावे लागतात ही नौदलाची तक्रार होती. ती सोडवायला नेमलेला रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही हा योगायोगाने कॉर्नवॉलचाच, पेन्झान्सचा. १८२४ मध्ये त्याने दाखवून दिले की तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा लहानसा तुकडा जोडला तर खाऱ्या पाण्यात तो तुकडा झिजतो आणि तांबे अबाधित राहते. विज्ञान म्हणून हा शोध बिनचूक होता आणि आजही जहाजांच्या व तेलवाहिन्यांच्या संरक्षणात तोच वापरला जातो. नौदलात मात्र फजिती झाली, कारण झिजणे थांबलेल्या तांब्यावर बार्नॅकल आणि शेवाळ सुखेनैव वाढू लागले आणि काही वर्षांतच नौदलाने हा उपाय सोडून दिला. या फजितीत एक मोलाचे निरीक्षण दडलेले होते : तांब्याचा पत्रा कुणाला मारत नाही, मारते ते पाण्यात विरघळलेले तांबे. धातू किती आहे यापेक्षा तो पाण्यात कोणत्या रूपात आहे हे महत्त्वाचे, एवढा निष्कर्ष काढण्याजोगा पुरावा १८२० च्या दशकातच समोर होता, पण तो जिवांच्या बाजूने वाचणारे कुणी नव्हते. सगळ्यांचे लक्ष पत्र्याच्या खर्चाकडे लागलेले होते.

खाडीतला पुरावा कालवांनी दिला. फॅलच्या मुखातला कालवांचा धंदा जुना आहे आणि तिथे आजही यंत्राच्या होड्यांना मनाई असून शिडाच्या किंवा वल्ह्याच्या होडीतूनच तळ खरवडून कालवे काढली जातात. एकोणिसाव्या शतकात रेस्ट्रॉन्गेटच्या आसपासची कालवे हिरवी निघत. हिरवेपणा मांसल भागात असे आणि चव धातूसारखी, कडसर लागे. तिथल्या कोळ्यांना यावरचा उपाय ठाऊक होता : हिरवी कालवे उचलून स्वच्छ पाण्यात नेऊन टाकायची आणि पुरेसा काळ गेल्यावर ती पुन्हा फिकी झाली की विकायची. पण फ्रान्समधल्या मारेन येथील कालवेही हिरवी असतात, ती महाग विकली जातात आणि खवय्ये ती आवडीने खातात, त्यामुळे सगळाच घोळ झाला. मारेनचा हिरवेपणा एका निळ्या रंगद्रव्याच्या सूक्ष्म शैवालातून येतो आणि त्याचा तांब्याशी काही संबंध नाही; कॉर्नवॉलचा हिरवेपणा मात्र खरोखरच तांब्याचा. १८९७ मध्ये लिव्हरपूलच्या रूबर्ट बॉइस आणि विल्यम हर्डमन यांनी ही दोन प्रकरणे वेगळी केली आणि आजारी हिरव्या कालवांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये तांबे साठलेले असल्याचे दाखवले. म्हणजे कालव तांबे नुसते गिळत नव्हते, ते पेशींत बांधून ठेवून स्वतःला वाचवत होते. त्या काळच्या वादाचा सगळा रोख असे कालव खाल्ल्याने माणसाच्या पोटाचे काय होईल यावर होता. कालवाचे काय होते, हा प्रश्न आणखी पाऊणशे वर्षे मागेच राहिला.

मधल्या काळात विषाचे मोजमाप करण्याची पद्धत रूढ झाली. ठरावीक पाण्यात जीव ठेवायचे, धातू वाढवत जायचा आणि ठरलेल्या तासांत निम्मे जीव ज्या प्रमाणाला मरतात ते प्रमाण नोंदवायचे. पद्धत सोपी आहे आणि आकडा नेटका मिळतो, पण ज्या पाण्यात प्रयोग केला त्या पाण्यापुरताच तो खरा असतो. खाडीत तर पाणी एकसारखे कधीच नसते. उघड्या समुद्राच्या दर किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि यालाच क्षारता म्हणतात. नदीच्या पाण्यात ती जवळजवळ शून्य, आणि खाडीत भरती-ओहोटी, पाऊस आणि अंतर यांप्रमाणे या दोन टोकांमध्ये तासातासाला हलत राहते. कोकणात ज्याला मचूळ पाणी म्हणतात ते हेच. रेस्ट्रॉन्गेटमध्ये हलके गोडे पाणी वरून वाहते आणि जड खारे पाणी तळाने आत शिरते, त्यामुळे एकाच जागी पाण्याचे दोन वेगळे थर एकमेकांवर असतात, आणि धातू प्रामुख्याने वरच्या, गोड्या थराबरोबर येतात.

क्षारता वाढली की धातूच्या बाबतीत तीन गोष्टी घडतात आणि त्या वेगवेगळ्या समजून घेतल्याखेरीज खाडीचे कोडे सुटत नाही. पहिली रासायनिक आहे. विरघळलेला धातू पाण्यात धनभारित कणाच्या, म्हणजे आयनाच्या रूपात असतो आणि मोकळा आयनच कल्ल्यांच्या पेशींना सहज चिकटतो. समुद्राच्या पाण्यात मात्र मिठातला क्लोराइड हा ऋणभारित आयन इतका मुबलक असतो की तो कॅडमियमसारख्या धातूला चहूकडून घेरतो; पूर्ण खाऱ्या पाण्यात एकूण कॅडमियमपैकी मोकळा वाटा अवघा दोन-तीन टक्के उरतो. तांब्यावर क्लोराइडची पकड तितकी नाही, पण कार्बोनेट आणि त्याहीपेक्षा कुजलेल्या वनस्पती व शैवाल यांपासून आलेले सेंद्रिय पदार्थ त्याला धरून ठेवतात. शिवाय समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असल्याने खाणीचे आम्ल तिथे बोथट होते, लोहाचा गाळ बसतो आणि बसताना पुष्कळसे तांबेही आपल्याबरोबर तळाला नेतो. दुसरी गोष्ट स्पर्धेची आहे : समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम कल्ल्यावरच्या त्याच जागांसाठी धातूशी चढाओढ करतात. कॅडमियमचा आयन आकाराने कॅल्शियमशी इतका मिळताजुळता आहे की कॅल्शियमसाठी असलेल्या दारातूनच तो आत शिरतो. पाण्यात कॅल्शियम कमी असेल तर ते दार त्याला मोकळेच मिळते.

तिसरी गोष्ट पाण्याची नसून प्राण्याच्या शरीराची आहे, आणि अनेक वर्षे तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष गेले. खाडीत राहणाऱ्या प्राण्याच्या रक्तातले क्षार बाहेरच्या मचूळ पाण्यापेक्षा जास्त असले की पाणी शरीरात झिरपत राहते आणि क्षार निसटत राहतात. पाण्याच्या या झिरपण्याला परासरण म्हणतात. जगायचे तर प्राण्याला कल्ल्यांवाटे क्षार सतत पुन्हा आत ओढावे लागतात आणि त्यासाठी पेशींमध्ये सोडियम-पोटॅशियमचा पंप चालवणारे एक विकर असते. हे विकर १९५७ मध्ये डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी ओळखले, तेही किनाऱ्यावरच्या साध्या हिरव्या खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंमध्ये, आणि त्या कामासाठी त्यांना १९९७ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. रेस्ट्रॉन्गेटच्या चिखलात फिरतो तो खेकडा याच जातीचा. तांबे नेमके याच पंपाला निकामी करते. रक्त आणि बाहेरचे पाणी यांची क्षारता सारखी असते तेव्हा पंपावरचा भार सर्वांत कमी असतो आणि प्राण्याची सहनशक्ती अधिक. पाणी त्याहून गोडे होत गेले की भार वाढतो आणि तेवढेच तांबे आता जिवावर बेतते. पाणी अति खारे झाले तरी काही प्राण्यांत उलट दिशेने तीच ओढाताण सुरू होते. म्हणूनच ‘खारेपणा वाढला की विषारीपणा घटतो’ हे विधान स्थूलमानाने खरे असले तरी ते सरळ रेषेसारखे कधीच नसते, आणि एका प्रजातीवरून काढलेला नियम दुसरीला लावताना बहुतेक वेळा तोंडघशी पडावे लागते.

या तिन्ही गोष्टी १९७० च्या दशकात निरनिराळ्या ठिकाणी उलगडत गेल्या. अमेरिकेत फिडलर खेकड्यांवर १९७३ मध्ये झालेल्या प्रयोगांत कॅडमियम सर्वांत घातक ठरले ते उष्ण आणि कमी खाऱ्या पाण्यात. खाडीतल्या एका लहानशा पारदर्शक कोळंबीवर विल्यम सुंडा, डेव्हिड एंगल आणि त्यांच्या सहकाऱ्याने केलेले, १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेले काम या सगळ्या इतिहासात वळण देणारे मानावे लागेल. त्यांनी क्षारता बदलली, क्लोराइडऐवजी धातूला बांधून ठेवणारे दुसरे रसायन घालूनही पाहिले, आणि दोन्ही रीतींनी उत्तर एकच आले : पाण्यातल्या एकूण कॅडमियमवरून कोळंबी मरेल की वाचेल हे सांगता येत नाही, मोकळ्या आयनाच्या प्रमाणावरून मात्र ते सांगता येते. डेव्हीच्या जस्ताच्या तुकड्याने दीडशे वर्षांपूर्वी जे सुचवले होते ते आता कोळंबीच्या जिवावर मोजून सिद्ध झाले.

रेस्ट्रॉन्गेटमध्ये हे काम प्लिमथच्या सागरी जीवशास्त्र संस्थेतील जेफ्री ब्रायन यांनी हाती घेतले. त्यांनी निवडलेला प्राणी म्हणजे नेरीस हा बोटभर लांबीचा, तांबूस-हिरवट, वलयांकित कृमी, जो चिखलात इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचे बीळ करून राहतो आणि जवळजवळ गोड्या पाण्यापासून पूर्ण खाऱ्यापर्यंत सगळे सोसतो. ब्रायन आणि हमरस्टोन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केले की रेस्ट्रॉन्गेटच्या नेरीसच्या वाळवलेल्या शरीरात दर दहा लाख भागांत हजारावर भाग तांबे असू शकते, आणि स्वच्छ खाडीतल्या त्याच जातीच्या कृमीला मारणारे तांब्याचे द्रावण हा कृमी निभावून नेतो. स्वच्छ खाडीतला कृमी रेस्ट्रॉन्गेटच्या चिखलात आणून सोडला तर त्याचे काही खरे नसते. हा कणखरपणा नुसता सवयीचा नव्हता. पुढच्या अभ्यासांतून तो वंशपरंपरेने उतरतो असे दिसून आले, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून या खाडीत तांबे सोसणारा वेगळा वाण तयार झाला होता. नेरीसची पिले दूर समुद्रात वाहून जात नाहीत, आईबापांच्या चिखलातच वाढतात, म्हणून अशी निवड इथे साचू शकली. ज्या शिंपल्यांच्या अळ्या पाण्यावर तरंगत बाहेरून येतात त्यांना ही सोय नाही. दरवर्षी नवखी पिले येतात, जस्त आणि तांब्याने भरलेल्या चिखलावर बसतात आणि बहुतेक तिथेच संपतात. ब्रायन आणि पीटर गिब्स यांनी १९८३ मध्ये फॅलच्या धातूंचा सविस्तर आढावा घेतला तेव्हा कृमींची रेलचेल आणि शिंपल्यांची वानवा हे खाडीचे वैशिष्ट्य ठळकपणे पुढे आले. याच जोडीने नंतर जहाजांच्या तळाला लावायच्या कथीलयुक्त रंगाने किनाऱ्यावरच्या शंखांच्या माद्यांना नराचे अवयव फुटतात हे प्रकरण उजेडात आणले. तांब्याच्या पत्र्यांची जागा घेणाऱ्या रंगांनी बारक्या जिवांचा पिच्छा पुरवणे सोडले नव्हते.

सोमलाने मात्र क्षारतेचा नियम पाळला नाही. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात खाडीतल्या चिमुकल्या कवचधारी प्राण्यावर, एका शिंपल्यावर आणि एका कृमीवर निकेल, जस्त आणि सोमल यांचे प्रयोग केले. निकेल आणि जस्त अपेक्षेप्रमाणे गोड्या पाण्याकडे जाताना अधिक मारक ठरले, पण सोमलाच्या विषारीपणात क्षारतेने लक्षणीय फरक पडला नाही, तापमानाने मात्र पडला. कारण उघड आहे. पाण्यातला सोमल धनभारित आयन नसतो, तो प्राणवायूशी जोडलेल्या ऋणभारित रूपात असतो, त्यामुळे क्लोराइडला त्याला पकडायला हातच नाही. बिसोच्या धुरांड्यांखाली वाहिलेल्या नदीच्या बाबतीत हा अपवाद पुस्तकी राहत नाही; कार्ननच्या पाण्यात तांबे आणि सोमल एकत्र येतात, आणि समुद्र त्यांतल्या एकाचीच धार कमी करतो.

व्हील जेन ही कार्नन खोऱ्यातली कथलाची खाण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नव्याने उघडली होती. १९८५ मध्ये कथलाचा जागतिक बाजार कोसळला, मार्च १९९१ मध्ये खाण कायमची बंद झाली आणि पंप थांबले. पाणी हळूहळू वर चढले, काही काळ चुना टाकून आणि बोगद्याचे तोंड बुजवून ते आवरले गेले, पण १३ जानेवारी १९९२ रोजी नँजाइल्स या जुन्या बोगद्याचे बूच सुटले आणि साडेचार-पाच कोटी लीटर आम्लयुक्त पाणी एकदम खाडीत आले. लोह, जस्त आणि कॅडमियमने भरलेला नारिंगी पट्टा फॅलच्या मुखापर्यंत पसरला आणि त्याची छायाचित्रे देशभर झळकली. मोठ्या संहाराची अपेक्षा धरून संशोधकांनी चिखलातले सूत्रकृमी आणि इतर बारके प्राणी तपासले, तेव्हा या घटनेचा स्वतंत्र ठसा त्यांना जवळजवळ सापडला नाही. नारिंगी रंग हा गंजाचा, म्हणजे तुलनेने निरुपद्रवी भागाचा होता. खाऱ्या पाण्याने आम्ल मारले होते, धातूंचा बराच भाग बांधला होता. आणि ज्यांना मरायचे ते प्राणी इथून दोनशे वर्षांपूर्वीच नाहीसे झाले होते. फॅलच्या पाच उपखाड्यांची तुलना केली असता चिखलातल्या जिवांची वस्ती जुन्या तांब्याच्या चढउताराप्रमाणे पायरीपायरीने बदलत गेलेली दिसते, आणि रेस्ट्रॉन्गेट त्या उतरंडीच्या टोकाला आहे. वृत्तपत्रांनी एका दिवसाच्या अपघाताला जे महत्त्व दिले ते अडीच शतकांच्या रोजच्या झिरपण्याला कधीच मिळाले नव्हते.

व्हील जेनच्या पाण्यासाठी आधी वेताच्या दलदलीसारख्या नैसर्गिक पद्धती आजमावल्या गेल्या आणि २००० पासून चुना वापरणारे कायमस्वरूपी शुद्धीकरण केंद्र चालू आहे. चुन्याने आम्ल मारायचे, धातू गाळाच्या रूपात खाली बसवायचे आणि तो गाळ जुन्या खाणीच्या धरणात साठवायचा, हे काम पंप आणि चुना यांच्या खर्चासह अखंड चालवावे लागते. काउंटी अडिटचे पाणी मात्र या केंद्राकडे वळवलेले नाही. १७४८ मध्ये पोल्डिससाठी खणायला घेतलेल्या त्या बोगद्यातून आजही कार्ननमध्ये तांबे येते, नदीतल्या तांब्याचा मोठा वाटा त्याचाच असतो, आणि हिवाळ्यातल्या पावसात, नदी फुगून खाडीचे पाणी सर्वांत गोडे झालेले असते तेव्हा, तो अधिक जोराने वाहतो.